लेट म्हणजे काय

मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मिठाच्या सत्याग्रहाच्या थोडं आधीचं हे. सोलापुरात रेल्वे लाइनीच्या अलीकडे, विणकरांच्या आळीत, आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. दिवसभर शेजारच्या मागांची खटखट चालू असायची आणि तेलुगूतलं बोलणं कानावर पडायचं. घरात आम्ही दोघीच, सासूबाई आणि मी. हे पुण्याला कॉलेजात शिकत होते. मामंजी दुधनीच्या स्टेशनावर माल कारकून होते. तिथल्या क्वार्टरमध्ये एकटे राहत, हातानं भात-पिठलं करून खात आणि एक रविवार आड घरी येत.

माझे वडील शाळामास्तर. त्यांनी हट्टानं मला मिशनच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी चौथीपर्यंत शिकवलं. सासूबाईंना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. भाकरी जाड झाली की त्या म्हणायच्या, "इंग्रजीत थापलीस वाटतं." त्यात विखार नसायचा, पण मी कानकोंडी व्हायची. त्यांना स्वतःला मराठी वाचता येत होतं, अक्षरावर बोट ठेवून, सावकाश. इंग्रजीचा त्या घरात मामंजी नसताना कुणाला काही उपयोग नव्हता.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मामंजींचा एक रविवार चुकला. मग दुसरा चुकला. पत्रही नाही. मामंजी पत्राच्या बाबतीत आळशीच होते, त्यामुळे पहिल्या रविवारी सासूबाईंनी पोळी झाकून ठेवली आणि संध्याकाळी मला वाढली, एवढंच. दुसऱ्या रविवारी शेजारची विणकरीण दारात येऊन सांगून गेली की अक्कलकोटच्या बाजूच्या खेड्यांत पटकी सुरू झाली आहे, तिच्या नात्यातला एक माणूस सकाळी चालताबोलता होता आणि दिवेलागणीला गेला. सासूबाई म्हणाल्या, "हे पाणी उकळून पितात." ती गेल्यावर मला पुन्हा म्हणाल्या, "उकळून पितात गं ते. मीच सवय लावलीय."

त्यानंतर तीनच दिवसांनी दुपारी पोस्टमन आला. खाकी लिफाफा होता, रेल्वेच्या हपिसाचा, वर टाइप केलेलं इंग्रजी. पत्ता मामंजींच्या नावाचा नव्हता, त्यांच्या कुटुंबाच्या नावाचा होता. मामंजींना सोडून कुटुंबाला कोण कशाला लिहील, हे तिथंच माझ्या मनात आलं.

"फोड की," सासूबाई म्हणाल्या. "आज तुझं इंग्रजी कामाला येऊ दे." त्या तांदूळ निवडत होत्या. सूप मांडीवर होतं.

मी लिफाफा फोडला. चार ओळींचं पत्र. मी तोंडातल्या तोंडात वाचायला लागले. आधी मामंजींचं नाव, नावापुढे स्वल्पविराम, आणि मग: लेट गुड्स क्लार्क, दुधनी. त्यांचं क्वार्टर आता नव्या कारकुनाला दिलं आहे. आत राहिलेलं सामान कुटुंबीयांनी पंधरा दिवसांच्या आत घेऊन जावं. खाली सही, तीही वाचता न येणारी.

लेट हा शब्द मला चांगला ठाऊक होता. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये एका जुन्या पाद्रीसाहेबांची तसबीर होती, तिच्याखाली पितळी पट्टीवर तोच शब्द होता. बाईंनी सांगितलं होतं, मेलेल्या माणसाच्या नावाला तो लावतात, आपण कैलासवासी लिहितो तसा.

मी उभी होते ती भिंतीला टेकले.

"काय गं? काय लिहिलंय?"

मी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

"लेट लेट काय म्हणत होतीस मघाशी? ऐकू आलं मला."

"हो," मी म्हणाले.

"मग एवढं वाचायला काय लागतंय? लेट म्हणजे उशीर. इतकी वर्षं रेल्वेच्या माणसाबरोबर संसार केला, मला लेट कळत नाही होय? गाडी लेट, मालगाडी लेट, पगार लेट. यांना यायला उशीर होणार, असंच ना?"

मी पुन्हा हो म्हणाले. खोटं मी रचलं नव्हतं, त्यांनीच ते माझ्या हातात ठेवलं होतं. मी फक्त टाकून दिलं नाही.

"आणि पुढे काय आहे?"

"क्वार्टरमधलं सामान घेऊन जा म्हणतायत."

सासूबाईंचा हात सुपात थांबला. मग त्यांनी एक खडा शोधून बाजूला टाकला. "म्हणजे बदली दिसतेय," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळच्या पॅसेंजरनं जाऊ दोघी. पितळेची भांडी आहेत तिथं, माझ्या आईनं दिलेली. परक्याच्या हातात नकोत."

त्या उठून डबे काढायला लागल्या. मामंजींना धपाटे आवडतात म्हणून ज्वारीचं पीठ काढलं. मला तीळ भाजायला सांगितले. मी चुलीपुढे बसले आणि तीळ करपले तरी माझ्या लक्षात आलं नाही. माझं सगळं लक्ष सासूबाईंच्या हातांकडे होतं. हिरव्या बांगड्या पिठात पांढऱ्या होत होत्या. उद्या दुधनीच्या फलाटावर कुणीतरी अनोळखी माणूस सासूबाईंना सांगणार, आणि ते मला आदल्या दिवशीच ठाऊक असून मी गप्प बसले होते, हे त्यांना कळणार. पण सांगायचं तर कसं? तोंड उघडलं की ते खरं होणार, असं मला वाटत होतं. दोनदा मी "सासूबाई" म्हणून हाक मारली आणि दोन्हीदा भलतंच काहीतरी विचारलं. मीठ किती घालू, म्हणून.

उन्हं उतरल्यावर मी सांगितलं की शाळेतल्या बाईंचं एक पुस्तक द्यायचं राहिलंय, देऊन येते. सासूबाई एरवी चार प्रश्न विचारत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "जा. दिवे लागायच्या आत ये."

पत्र मी चोळीत खुपसलं होतं. बाईंचं घर मिशनच्या आवाराला लागून होतं. बाई ख्रिस्ती, मराठीच, मूळच्या अकलूजकडच्या एका खेड्यातल्या. तरुणपणीच विधवा झालेल्या, एकट्या राहत. मी दारातच रडायला लागले. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि पत्र वाचलं. एकदा वाचलं, मग चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"तू यातून काय समजलीस?"

"मामंजी गेले."

"थांब. घाईनं रडू नकोस," बाई म्हणाल्या. त्यांनी फळीवरचा मोठा शब्दकोश दोन्ही हातांनी उतरवला. मी शाळेत असताना त्याला हात लावायची मुभा आम्हाला नव्हती. त्यांनी तो खिडकीपाशी उजेडात धरला आणि बोट खाली सरकवत वाचायला सुरुवात केली. मधूनमधून मला मराठीत सांगत होत्या, जशा वर्गात सांगत.

तो शब्द फार जुना होता. पहिल्यांदा त्याचा अर्थ होता मंद, रेंगाळणारा, दमून मागे पडलेला माणूस किंवा जनावर. जो मागे पडतो तो उशिरा पोचतो, म्हणून पुढे त्याचा अर्थ उशिरा झाला. लॅटर आणि लास्ट हे त्याचेच सख्खे भाऊ: लॅटर म्हणजे दोघांतला मागचा, लास्ट म्हणजे सगळ्यांत मागचा. लेट नावाचा आणखी एक जुना शब्द, अडवणं, खोळंबा करणं या अर्थाचा, तोही याच घरातला. लॅटिनमधला दमलेला या अर्थाचा शब्द म्हणे याचा लांबचा नातलग. आणि लेटली म्हणजे अलीकडे. बाई तिथं थांबल्या.

"हे बघ. मेलेल्या माणसाला लेट म्हणतात ते या अलीकडेवरून. जो अलीकडेपर्यंत होता, तो. पण होता म्हणजे जिवंतच होता असं नाही. एखाद्या जागेवर होता, एखाद्या गावी होता, आता नाही, त्यालाही हाच शब्द. माजी. तुझ्या पत्रात तो नावाच्या आधी नाही, हुद्द्याच्या आधी आहे. दुधनीचे माजी माल कारकून, असा याचा अर्थ लागतो."

मी त्यांचा हात धरला. "म्हणजे ते आहेत?"

बाईंनी शब्दकोश मिटून फळीवर ठेवला. माझ्या आयुष्यात मी कुणाचंही बोलणं तितकं जीव मुठीत धरून ऐकलेलं नाही.

"मी तुला खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "व्याकरणानं ते आहेत. पण कारकून लोक व्याकरण पाळतातच असं नाही. माझे यजमान वारले तेव्हा मिशनकडून जो कागद आला त्यातही असंच नाव, मग स्वल्पविराम, मग लेट आणि हुद्दा होता. आणि तुझं पत्र कुटुंबाला आलंय. मला ठाम सांगता येत नाही, बाळ."

"उद्या सकाळी आम्ही दोघी दुधनीला निघतोय. आधी तार करू का?"

"आता केलीस तरी उत्तर उद्याच येणार. तोवर तुमची गाडी दुधनीला पोचेल." मग पत्र मला परत देत म्हणाल्या, "सासूला सांगितलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग सांगू नकोस अजून. पण उद्या तिच्या जवळ राहा. हात सोडू नकोस."

घरी आले तेव्हा सासूबाईंनी सगळं बांधून ठेवलं होतं. पुस्तक दिलंस का, असंही त्यांनी विचारलं नाही. रात्री आम्ही दोघी शेजारी शेजारी निजलो. मला वाटलं त्यांना झोप लागली आहे. मी अंधारात माजी, माजी असं मनात म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी मला शाळेतली ती पितळी पट्टी दिसत होती.

सकाळी त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, नथ घातली. गावाला जाताना त्या असं कधी करत नसत. बायकांच्या डब्यात आम्ही खिडकीपाशी बसलो. होटगी गेलं, अक्कलकोट रोड गेलं. डब्यात भाजीवाल्या बायका कानडीत बोलत होत्या. पटकीसारखा काहीतरी शब्द आला की मी दचकायची. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तूर हिरवीगार उभी होती. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार होता.

दुधनीला गाडी थांबली. आम्ही उतरलो. मामंजींच्या मालखोलीच्या दारात एक पोरसवदा कारकून बसला होता, अगदी नवा, त्यानं आमच्याकडे बघितलंही नाही. क्वार्टरच्या दाराला कुलूप होतं. बाहेर एक म्हातारा हमाल विडी ओढत बसला होता. सासूबाई त्याला ओळखत होत्या. तो उठून उभा राहिला.

"अव्वा, आलात व्हय?" तो म्हणाला. त्या भागात आईला अव्वा म्हणतात.

सासूबाईंनी विचारलं, "मालबाबू कुठं आहेत?"

"मालबाबू? ते गेले की, अव्वा. वीस दिस झाले."

गेले. आपल्या भाषेतसुद्धा तो शब्द तसाच, दोन्हीकडे जाणारा. मी सासूबाईंच्या दंडाला धरलं. त्या हलल्या नाहीत. फक्त त्यांचा दुसरा हात वर येऊन गळ्यातल्या मंगळसूत्रावर थांबला. हमाल आमच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला काही कळेना.

"कुठं गेले?" सासूबाईंनी विचारलं.

"फुडच्या टेसनात की. बदली झाली न्हवं का. तितला बाबू आजारी पडला म्हून तार आली, दोन घंट्यात निगाले. कांबळं बी हितंच ऱ्हायलं, भांडी बी ऱ्हायली. म्हनले घरचे येतील न्यायला. तुमास्नी सांगितलं न्हाय?"

सासूबाई क्वार्टरच्या पायरीवर बसल्या. बसल्या कसल्या, मटकन खाली आल्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. म्हातारा घाबरून पाणी आणायला पळाला.

हमालाकडून किल्ली घेऊन आम्ही आत गेलो. खोलीत कोंदट वास होता. खुंटीवर एक धोतर, कोपऱ्यात शेगडी, आणि तिच्याजवळ पाणी उकळायचं पातेलं. सासूबाईंनी ते पातेलं उचललं, आतून बघितलं आणि ठेवलं. भांडी एकेक करून पोत्यात भरताना मी शेवटी म्हटलं, "सासूबाई, काल मी तुम्हाला सगळं सांगितलं नाही. तो शब्द..."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"तू वाचत होतीस तेव्हा हातातला कागद थरथरत होता. वारा नव्हता काल." त्या तांब्या पदरानं पुसत होत्या. "उशिरा येणार म्हणून कुणी एवढं पांढरंफटक पडतं होय?"

"मग विचारलं का नाही मला?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मला आणखी एक रात्र हवी होती." त्यांनी तांब्या पोत्यात घातला. "लेट म्हणजे उशीर, असं मीच म्हणून टाकलं. म्हटलं, उद्यापर्यंत तरी उशीरच असू दे."

मग मला त्यांच्या हिरव्या लुगड्याचा आणि नथीचा अर्थ कळला. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, "पुरे. दुपारची गाडी चुकेल."

दुपारच्या पॅसेंजरनं आम्ही पुढच्या स्टेशनावर उतरलो. लहानसं स्टेशन, दोन लिंबाची झाडं आणि मालाची पत्र्याची शेड. मामंजी शेडच्या दारात उभे राहून शेंगांची पोती लिहून घेत होते. वाळले होते, दाढी वाढली होती. आम्हाला बघितलं आणि त्यांच्या हातातली पेन्सिल पडली. "काय झालं?" ते ओरडले. "पोराला काय झालं?" आम्ही दोघी न सांगता, नटून, पोत्यासकट दारात उभ्या, तेव्हा पुण्याला मुलाचं काहीतरी बरंवाईट झालं असंच त्यांना वाटलं. त्यांना खाली बसवून पाणी द्यावं लागलं.

मग सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कालपासून आवरून धरलेलं सगळं त्यांनी त्या शेडमध्ये मोकळं केलं.

"पत्र टाकलं की मी!" मामंजी म्हणाले. "पहिल्याच दिवशी लिहिलंय. बदली झाली, सुट्टी मिळणार नाही, सामान न्या, सगळं लिहिलंय."

"कुठं टाकलंत?"

"डब्यात."

सासूबाईंनी खुंटीवरचा त्यांचा काळा कोट काढला, खिशात हात घातला आणि कार्ड बाहेर काढलं. चार घड्या पडलेलं, पत्ता नीट लिहिलेलं. मामंजी त्या कार्डाकडे बघत राहिले.

मी त्यांना खाकी लिफाफा दिला. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय यात. कुटुंबाला कळवा म्हणून मीच पत्ता दिला होता. लेट म्हणजे माजी. आमच्या हपिसात सगळे असंच लिहितात. मी आतापर्यंत पाच स्टेशनांचा लेट झालोय."

"पुन्हा तो शब्द काढू नका," सासूबाई म्हणाल्या आणि धपाट्यांचं गाठोडं सोडलं. मामंजींनी खाल्लेला प्रत्येक घास त्या मोजल्यासारख्या बघत होत्या. मला मात्र एक घासही गिळवला नाही.

घरी परतल्यावर मला ताप भरला. दोन दिवस मी निजून होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. याआधी त्या कधी आल्या नव्हत्या. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या, फक्त सासूबाईंच्या कपाळाकडे बघत राहिल्या. सासूबाईंना ते कळलं.

"सुखरूप आहेत," त्या म्हणाल्या. "आत या."

ख्रिस्ती बाईंना त्यांनी आत घेतलं, चटईवर बसवलं आणि स्वतः चहा करून दिला. आळीत त्यावरून पुढे चार दिवस कुजबुज झाली. सासूबाईंनी ती ऐकलीच नाही असं दाखवलं.

भीती मात्र माझ्या अंगातून लवकर गेली नाही. पुढच्या आठवड्यात पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन दाराआड उभी राहिले. ते यांचं पत्र होतं, पुण्याहून आलेलं, मराठीत, अक्षर माझ्या ओळखीचं. तरी मी ते हातात घेईना. शेवटी सासूबाईंनीच फोडलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मला वाचून दाखवलं. पहिल्या चार ओळी वाचून होईपर्यंत मी श्वास धरून होते. त्यात त्यांनी चिवडा मागितला होता, आणि थंडीसाठी एक जाड चादर.